छपाईच्या रकान्यात माइन्झच का? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. जगाच्या इतिहासातल्या मोठ्या वळणांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी मुद्देसूद प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही तितकंच नीट द्यायला हवं. लेखातल्या तक्त्यात छपाईसमोर मी जर्मनीतलं माइन्झ शहर, म्हणजे योहान गुटेनबर्गने जिथे छपाई केली ते, आणि १४५४-५५ हे साल लिहिलं आहे. त्यावर तुमचे चार आक्षेप आहेत. सुटे खिळे (एकेका अक्षराचे छपाईचे ठसे) चीनमध्ये चारशे वर्षं आधी होते आणि धातूचे खिळे कोरियात पाऊणशे वर्षं आधी, तेव्हा ही नोंद युरोपधार्जिणी आहे. गुटेनबर्गचं यंत्र म्हणजे द्राक्षं पिळायचा दाब, त्यात नवं काही नाही. रोमन लिपीत अक्षरं मोजकी म्हणून त्याला जमलं. आणि शाळेच्या पुस्तकात १४४० असताना मी १४५४ कुठून आणलं?

पहिल्या आक्षेपातली माहिती खरी आहे. चीनमधल्या बी शेंग या कारागिराने १०४१ ते १०४८ या काळात भाजलेल्या मातीचे खिळे केले. त्याची कृती शेन कुओ या विद्वान अधिकाऱ्याने लिहून ठेवली म्हणून ती आपल्याला कळते. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख यांचं मिश्रण पसरायचं, वर लोखंडी चौकट ठेवून त्यात खिळे मांडायचे, पत्रा तापवायचा आणि मिश्रण मऊ झालं की सपाट फळीने दाबून सगळी अक्षरं एका पातळीत आणायची. एका पत्र्यावरून छपाई चालू असताना दुसरा जुळवायचा. काम झालं की पुन्हा तापवायचं, खिळे आपोआप सुटतात. लाकडाचे खिळे त्याने का नाकारले तेही शेन कुओ सांगतो: लाकडाचे रेषे सारखे नसतात, ओल लागली की खिळा फुगतो आणि राळेला चिकटून बसतो. दोन-तीन प्रतींसाठी या पद्धतीचा उपयोग नाही, शेकडो-हजारो प्रतींसाठी ती फार जलद, हेही त्याचंच निरीक्षण.

कोरियाचं काम तर याहून पुढचं. छोंगजूजवळच्या हुंगदोक मठात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापलेला 'जिकजी' हा बौद्ध ग्रंथ आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १४०३ मध्ये राजा तेजोंगने सरकारी ओतशाळा काढली. १४३४ मध्ये सेजोंगच्या कारकिर्दीत दोन लाखांच्या आसपास खिळे ओतले गेले आणि ते बांबूच्या पाचरांनी घट्ट बसवले. आधी खिळे मेणात बसवत, ते दाबाने सरकत आणि दर थोड्या प्रतींनंतर सारखे करावे लागत. पाचरा आल्यावर दिवसाला चाळीसेक ताव निघू लागले.

तरीही माझ्या तक्त्यात 'सर्वांत आधी कुणी केलं' असा प्रश्नच नाही. कशानंतर जग मागे फिरू शकलं नाही, हा प्रश्न आहे. कोरियातले बहुतेक खिळे राजाच्या मालकीचे. ते झिजले की वितळवून नवा संच ओतायचा हुकूमही राजाचाच. पुस्तकं छापली जात ती मुख्यतः अधिकारी आणि विद्वानांना वाटण्यासाठी, आणि एकेकाच्या प्रती थोड्या. चीनमध्ये छापून विकण्याचा धंदा जोरात होता, पण तो लाकडी ठोकळ्यांवर चालला. यात मागासलेपण काही नव्हतं, हिशेबाने तेच शहाणपणाचं होतं. ठोकळा एकदा कोरला की आज पन्नास प्रती काढाव्यात, मागणी आली की दोन वर्षांनी आणखी पन्नास. खिळ्यांची जुळणी तशी ठेवून देता येत नाही. हजारो चिन्हांच्या लिपीत खिळ्यांमध्ये पैसा अडकवण्यापेक्षा लाकूड कोरणारा कारागीर स्वस्त पडे.

आता माइन्झ. तिथली नवी गोष्ट खिळा नव्हे, खिळा पुन्हा पुन्हा तयार करण्याची साखळी. कोरियन पद्धतीत लाकडी अक्षर बारीक वाळूत दाबून पोकळी करायची, कासं ओतायचं, साचा फोडायचा आणि निघालेला प्रत्येक खिळा कानशीने घासून मापात आणायचा. म्हणजे प्रत्येक खिळा जवळजवळ हस्तकला. युरोपात जी पद्धत स्थिरावली तिच्यात पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं आणि उठावाचं कोरतात, तो पंच. तो कडक करून तांब्याच्या चिपेवर ठोकला की खोलगट अक्षर उमटतं, ती मातृका. मातृका हातसाच्याच्या तळाशी अडकवायची. हा साचा दोन भागांचा आणि सरकता असतो, त्यामुळे 'आय'साठी अरुंद आणि 'एम'साठी रुंद करता येतो, पण खिळ्याची उंची आणि ओळीची जाडी मात्र कायम एकच राहते. पळीने धातू ओतायचा, साचा झटका देऊन उघडायचा, खिळा बाहेर. पुढच्या काळात, १६८३ मध्ये, जोसेफ मॉक्सन या इंग्रज मुद्रकाने एका ओतकाऱ्याचं दिवसाचं काम चार हजार खिळे असं नोंदवलं आहे.

मापाचा एवढा आग्रह कशासाठी? एक खिळा केसभर उंच राहिला तर तो कागदाला भोक पाडतो, केसभर बुटका असेल तर उमटतच नाही. ओळीच्या जाडीतला फरक याहून घातक. शेजारच्या दोन रकान्यांत प्रत्येक ओळीमागे मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा फरक असला, तर ४२ ओळींच्या तळाशी तो दोन मिलिमीटरच्या वर जातो. मग एक रकाना घट्ट, दुसरा सैल, आणि फर्मा (चौकटीत आवळलेली खिळ्यांची जुळणी) उचलला की सैल बाजूचे खिळे गळून पडतात.

धातूचंही तसंच. नुसतं शिसं ३२७ अंशांना वितळतं, ओतायला सोपं, पण मऊ. अक्षराची कड लवकर बसते, शिवाय थंड होताना ते आकसतं आणि कोपरे भरत नाहीत. कथिल घातलं की धातू साच्यात नीट वाहतो, अँटिमनी घातलं की कडकपणा येतो आणि आकसणं जवळजवळ थांबतं. अँटिमनी स्वतः ६३० अंशांच्या वर वितळतं, पण योग्य प्रमाणातलं मिश्रण अडीचशेच्या आसपासच पातळ होतं, म्हणून साध्या भट्टीवर दिवसभर काम चालतं. या तिन्हींचं मिश्रण बिरिंगुच्चो या इटालियन धातुतज्ज्ञाने १५४० च्या ग्रंथात लिहिलं आहे, फक्त त्याच्या प्रमाणात कथिल फार जास्त आहे. आजचं परिचित प्रमाण बऱ्याच नंतर ठरलं.

इथे तुम्ही न मांडलेला, पण तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच मांडतो. २००१ मध्ये प्रिन्स्टनच्या पॉल नीडहॅम आणि ब्लेझ अग्वेरा इ आर्कास यांनी गुटेनबर्गच्या सुरुवातीच्या छपाईतली अक्षरं संगणकावर मोठी करून ताडून पाहिली. एकाच तांब्याच्या मातृकेतून ओतली असती तर सगळी 'आय' सारखी दिसली असती. तशी ती नव्हती. तेव्हा गुटेनबर्ग सुरुवातीला वाळूसारख्या तात्पुरत्या साच्यात ओतत असावा, आणि पंच-मातृका-हातसाचा ही साखळी त्याच्यानंतरच्या दोन दशकांत पक्की झाली असावी. मला हे पटतं. म्हणूनच मी तक्त्यात माणसाचं नाव न लिहिता शहर आणि साल लिहिलं आहे.

यंत्राबद्दल थोडक्यात. स्क्रूचा दाब जुनाच होता, हे खरं. पण द्राक्षांना सावकाश वाढत जाणारा दाब लागतो, तर छपाईला क्षणभराचा, सरळ खाली येणारा आणि लगेच सुटणारा. कागदावर दाब देणारा पाटा जराही फिरला तर अक्षर फराटतं. म्हणून स्क्रूच्या खाली पेटीसारखा मार्गदर्शक बसवावा लागला आणि फर्मा आत-बाहेर सरकवायची सोय करावी लागली. त्याहून मोठा बदल शाईत आहे. चीन-कोरियातली पाण्यातली शाई लाकडावर आणि मऊ कागदावर उत्तम बसते, पण गुळगुळीत धातूवर तिचे थेंब होतात. माइन्झमध्ये जवसाचं तेल उकळून घट्ट वार्निश केलं आणि त्यात काजळी खलली. ही शाई कातड्याच्या गाद्यांनी थापून लावतात आणि कागद आधी ओलसर करून घेतात. कोरड्या, सरस लावलेल्या युरोपीय कागदावर ती नीट उतरत नाही.

आता पैसा, कारण वळण खरं इथे आहे. माइन्झचा सावकार योहान फुस्ट याने गुटेनबर्गला १४५० मध्ये ८०० गिल्डर आणि १४५२ मध्ये आणखी ८०० दिले. काम होतं ४२ ओळींच्या बायबलचं: सुमारे १,२८० पृष्ठं, १८० च्या आसपास प्रती. एका पानात साधारण २,६०० खिळे धरा. सहा जुळारी (खिळे जुळवणारे कारागीर) असतील आणि प्रत्येकाचं एक पान जुळत, एक छापत, एक सुटत असेल, तर १८ पानांसाठी ४६,८०० खिळे एका वेळी हाताशी हवेत. कागदाऐवजी कातड्यावर छापलेल्या एका प्रतीला सुमारे १७० वासरांची कातडी. काम चालू असतानाच त्याने प्रतींची संख्या वाढवली, त्यामुळे आधी छापून झालेली पानं पुन्हा जुळवावी लागली. पहिली पानं ४० ओळींची, मग ४१, मग ४२, हीही कागद वाचवण्याची धडपड दिसते. लाल मथळे छापायचा प्रयत्न सुरुवातीला केला आणि सोडून दिला, कारण प्रत्येक तावाला दुसऱ्यांदा दाब द्यावा लागे.

फुस्टने व्याजासकट २,०२६ गिल्डरचा दावा लावला. ६ नोव्हेंबर १४५५ चा नोटरीचा दस्तऐवज आजही आहे. मांडलेल्या कारखान्याचा मोठा भाग फुस्टकडे गेला, आणि गुटेनबर्गचा कारागीर पीटर शोफर याने फुस्टबरोबर काम पुढे चालू ठेवलं. मूळ माणूस बाजूला झाला तरी विद्या थांबली नाही. १४६२ मध्ये माइन्झ लुटलं गेलं, कारागीर पांगले. १४६५ मध्ये इटलीत सुबियाको, १४६९ मध्ये व्हेनिस, १४७० मध्ये पॅरिस, १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर. १५०० पर्यंत अडीचशेहून अधिक गावांत छापखाने होते आणि पंचवीस हजारांवर वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या होत्या. यातले कित्येक बुडाले. सुबियाकोत छापखाना काढणारे स्वाइनहाइम आणि पानार्ट्झ यांनी १४७२ मध्ये पोपकडे मदत मागितली ती न विकल्या गेलेल्या तावांनी घर भरलं म्हणून. ते बहुतेक पुस्तकाच्या २७५ प्रती काढत, आणि विद्वानांची लॅटिन पुस्तकं घेणारी गिऱ्हाइकं तेवढी नव्हती. तरी दर बुडालेल्या छापखान्यामागे दुसरा उभा राहिला. राजाच्या ओतशाळेत हे घडू शकत नव्हतं.

अक्षरं मोजकी म्हणून जमलं, हा तुमचा तिसरा मुद्दा मला सर्वांत दुबळा वाटतो. जोडाक्षरं, संक्षेप, रुंद-अरुंद रूपं धरून गुटेनबर्गच्या बायबलात २९० च्या आसपास वेगवेगळे खिळे आहेत. उलट सेजोंगने १४४६ मध्ये २८ अक्षरांची हंगुल ही कोरियन लिपी जाहीर केली, तरी कोरियन छपाईचं स्वरूप बदललं नाही. ती अक्षरं चौकोनी गटांत जुळतात, त्यामुळे खिळे गटागटाने ओतावे लागतात, हे एक कारण. पण राज्यकर्ता वर्ग चिनी लिपीतच छापत राहिला, हे मोठं कारण.

आपल्याकडचंच उदाहरण बघा. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. फादर थॉमस स्टीफन्सने १६०८ च्या पत्रात देशी लिपीत पुस्तकं का छापली गेली नाहीत याची दोन कारणं दिली आहेत: युरोपातल्या २४ अक्षरांच्या जागी इथे सुमारे ६०० मातृका लागतील, आणि वरिष्ठ पाद्रींची परवानगी नाही. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये निघालं ते भाषा मराठी, पण खिळे रोमन. पहिलं कारण सगळे उद्धृत करतात. पण तोच स्टीफन्स मलबारात देशी लिपीत पुस्तकं निघाल्याचा दाखला देतो, आणि दोनशे वर्षांनी पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरीचे पंच कोरले, तिथेच १८०५ मध्ये विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं. जोडाक्षरं तेव्हाही तितकीच होती. फरक होता तो खर्च करायला तयार असलेल्या मालकाचा आणि पंच कोरणाऱ्या हातांचा.

राहिलं साल. १४४० च्या आसपास गुटेनबर्ग स्ट्रासबुर्गमध्ये होता. १४३९ च्या तिथल्या खटल्यात त्याच्या भागीदारीतल्या एका दाबयंत्राचा आणि गुप्त ठेवलेल्या कामाचा उल्लेख येतो, पण त्या वर्षांतला छापलेला एकही कागद उपलब्ध नाही. युरोपात सुट्या खिळ्यांनी छापलेला, नक्की तारखेचा सर्वांत जुना कागद म्हणजे पापक्षमेचं विक्रीपत्र, म्हणजे चर्च पैसे घेऊन देत असे ते पापमाफीचं पत्र. त्यात घेणाऱ्याचं नाव आणि दिवस हाताने भरण्यासाठी जागा कोरी सोडलेली असे, आणि मिळालेल्यांपैकी सर्वांत आधीच्या पत्रावर भरलेली तारीख २२ ऑक्टोबर १४५४ आहे. बायबलचे छापलेले भाग पाहिल्याचं एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी या (पुढे पोप झालेल्या) इटालियन विद्वानाने मार्च १४५५ च्या पत्रात लिहिलं. तक्त्यातलं साल या दोन कागदांवरून घेतलं आहे.