एलईडी काढले, साधे बल्ब परत बसवले

गेल्या गळीत हंगामात खानापूरहून बेळगावला येत होतो. रात्रीचे आठ वाजले असतील. समोरून पांढऱ्याशुभ्र लाइटची गाडी आली आणि दोन-तीन सेकंद मला काही म्हणजे काही दिसलं नाही. दिसायला लागलं तेव्हा पुढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या! मागे ना दिवा, ना रेडियम. ब्रेक लागला म्हणून वाचलो. घर येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही.

त्या गाडीवाल्याचा भयंकर राग आला. मग आठवलं, तसलेच एलईडी बल्ब मीही महिन्यापूर्वी बसवून घेतले होते. "अण्णा, घालून बघा की, रस्ता दिवसासारखा दिसतोय," असं दुकानदार म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी केली आणि डिपर, म्हणजे खालचा उजेड, लावला. उजेड भिंतीवरून थेट शेजाऱ्यांच्या माडावर! बल्ब काढून जुने 60/55 वॅटचे हॅलोजन घातले. आता भिंतीवर स्वच्छ आडवी रेघ, वर अंधार, खाली उजेड आणि डावीकडे रेघ जरा वर चढलेली. डावीकडचा तो चढ रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी असतो, उजवी बाजू समोरच्यासाठी खाली ठेवलेली असते. हॅलोजनचा रिफ्लेक्टर बल्बमधल्या तारेच्या ठरलेल्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी नेमकी बसली नाही की उजेड फाकतो. कंपनीतूनच एलईडी घेऊन आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, तिथे सगळा दिवाच त्यासाठी घडवलेला असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम सांगतो की दिव्यापासून 8 मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर ज्याची नजर आहे त्याचे डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे साधारण स्कूटरवरून येणाऱ्या माणसाची नजर. एवढं एकच वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि एलईडी घेण्याआधी मला रस्ता नीट दिसत नव्हता, तो जुन्या बल्बमुळे नव्हेच. हेडलाइटची काच पिवळी पडली होती. काच म्हणतो आपण, पण ते प्लॅस्टिक असतं, उन्हाने वरचा थर जातो. 1000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला घासायचा पॉलिश पेपर, घेऊन पाणी मारत घासलं. आधी पाणी पिवळट येतं, ते पांढरं यायला लागलं की 2000 चा घ्यायचा, मग पॉलिश. शेवटी उन्हापासून वाचवणारं यूव्ही कोटिंग मारायलाच हवं, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. टूथपेस्टची चमक चार दिवसांची. आणि हॅलोजन बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने तो लवकर जातो.

डॅशबोर्डवर हेडलाइटचा फोकस खाली घेणारं 0 ते 3 आकड्यांचं छोटं चाक असतं, त्याला कुणी हातच लावत नाही. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन लग्नाला निघालात की मागचा भाग दबतो आणि फोकस वर जातो. तेव्हा चाक 2 किंवा 3 वर न्या. चोर्ला घाटाच्या धुक्यात तर अप्पर लावूच नका, धुकंच उजळतं आणि रस्ता गायब होतो.

ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांना हात जोडून विनंती, यंदा ऊस भरायच्या आधी मागे लाल रेडियम लावा. भाच्याच्या दोन्ही ट्रॉल्यांना मी स्वतः लावलंय. त्यावर माती बसली की काही दिसत नाही, रोज फडकं मारावं लागतं.