आधी गाऊ द्या, दर्जाचं नंतर बघू

भारतातल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना हल्ली एक वाद हमखास निघतो, की कॅफेतल्या ओपन माइकमुळे, म्हणजे कुणीही येऊन गाऊ शकतं अशा कार्यक्रमांमुळे, गाण्याचा दर्जा घसरतोय. एक बाजू म्हणते गिटारचे चार कॉर्ड शिकले की कुणीही उठतं, ना रियाज ना सूर, आणि थेट माइक हातात. दुसरी बाजू म्हणते मग नव्या मुलांनी गायचं तरी कुठे, सभागृहं काय त्यांच्यासाठी रिकामी ठेवलीयेत का. मी इंग्लंडमध्ये राहते, इथल्या एका छोट्या कॉफी हाउसच्या ओपन माइकला ऐकायलाही जाते आणि गातेही, आणि मला दुसऱ्या बाजूचं शंभर टक्के पटतं.

रियाजाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बंद खोलीत पक्कं बसलेलं गाणं लोकांसमोर पहिल्याच ओळीत हातातून निसटतं हे जो कधी उभा राहिलाय त्याला माहितीये. श्वास पुरत नाही, लय पळायला लागते, माइक तोंडाच्या फार जवळ आला की प आणि फ चे फटके बसतात, स्वतःचा आवाज मॉनिटरमधून, म्हणजे गाणाऱ्याकडे वळवलेल्या स्पीकरमधून, नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस ओरडायला लागतो. हे घरी शिकता येत नाही, त्यासाठी समोर पंधरा-वीस अनोळखी माणसं लागतात आणि तीच माणसं ओपन माइक देतो.

पद्धत एकदम साधी असते. आलं की होस्टकडे नाव लिहायचं, दोन किंवा तीन गाणी मिळतात, मग पुढचा. आयुष्यात पहिल्यांदा गाणारी मुलगी आणि तीसेक वर्षं वाजवणारा माणूस एकाच यादीत, एकामागून एक. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की चांगल्या ठिकाणी आपलं गाऊन झाल्यावर उठून जायचं नसतं, शेवटच्या माणसापर्यंत बसायचं आणि ऐकायचं, आणि कॉफी करणारी मंडळीसुद्धा हळू गाणं चालू असेल तर ग्राइंडर फिरवायचं थांबतात. टाळ्या सगळ्यांना मिळतात हे खरं, आणि नुसत्या टाळ्यांनी कुणी सुधारत नाही हा गुरुजनांचा आक्षेप मला मान्य आहे. पण मध्यंतरात कुणी जवळ येऊन सांगतं की दुसरं कडवं फार खाली गेलं, पट्टी एक स्वर वर घे, ते सांगणारा माणूस भेटायला आधी तिथे गायला तर पाहिजे ना.

दर्जाची काळजी करणाऱ्यांना मी नेहमी सोहोचं उदाहरण देते. लंडनच्या त्या भागात १९५६ साली टू आइज नावाचा कॉफी बार सुरू झाला, तळघरात जेमतेम जागा, आणि तिथे स्किफल वाजवणारी पोरं जमायची, म्हणजे गिटार, कपडे घासायचा पत्रा आणि चहाच्या खोक्याला काठी-दोरी लावून केलेला बास. पुढे नावाजलेला गायक टॉमी स्टील तिथूनच वर आला, तसाच गाजलेला क्लिफ रिचर्ड १९५८ मध्ये तिथे गायचा. आधी परीक्षा घेऊन मग आत सोडलं असतं तर त्या खोकेवाल्यांपैकी किती जण आत गेले असते?

आता मला खरं जे बोलायचंय ते नियमांचं. इथेही सगळं आपोआप झालं नाही. पूर्वी पबमध्ये दोन वादकांपर्यंत वेगळा परवाना लागत नसे, २००३ च्या लायसन्सिंग कायद्याने ती सवलत गेली आणि कोपऱ्यातल्या एकट्या गिटारवाल्यासाठीही परवानगी काढायची वेळ आली. बरीच वर्षं संगीतवाल्यांनी लावून धरलं, ब्रिटिश संसदेतले लॉर्ड क्लेमंट-जोन्स यांनी खासगी विधेयक आणलं, आणि ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सकाळी ८ ते रात्री ११ स्पीकरशिवायच्या गाण्याला हा परवाना लागत नाही. दारू न विकणाऱ्या कॉफी हाउसमध्ये स्पीकर लावला तरी २०० श्रोत्यांपर्यंत मोकळीक होती, २०१५ मध्ये ती मर्यादा ५०० केली. शेजाऱ्यांना त्रास झाला तर कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, कारवाई करू शकते, आणि दुसऱ्यांची गाणी गायची तर हक्कांचं लायसन्स कॅफेकडे लागतं. म्हणजे बंधनं आहेत, पण छोट्या जागेला छोटी.

आपल्याकडे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ बंद सभागृहांसारख्या जागा सोडून लाउडस्पीकरला बंदी आहे आणि ती हवीच, झोपमोड झालेल्या माणसाची बाजू मी कधी सोडणार नाही. पण लाउडस्पीकरला लेखी परवानगी पाहिजे म्हटल्यावर तिथे भिंतीएवढे स्पीकर आणि कॅफेतला एक छोटा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा डबा, यात फरकच राहत नाही. आणि त्याच नियमांत राज्य सरकार वर्षातल्या १५ दिवसांपर्यंत सणासुदीला रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, म्हणजे मोठ्या आवाजासाठी वाट काढता येते, छोट्यासाठी कुणी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही! दर्जावर भांडण्यात जेवढा जोर जातो त्यातला निम्मा जरी या मागणीत लावला तरी बंद खोली, ठरलेले डेसिबल, ठरलेली वेळ आणि फक्त आधी कळवणं एवढ्यावर काम भागेल असा नियम मागता येईल.

आणि एक, गाणाऱ्याकडूनच नाव नोंदवायचे पैसे घ्यायची जी पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळलीये ती मला अजिबात पटत नाही. माइक, केबल, जागा यांना खर्च येतो हे कळतं, पण तो श्रोत्यांकडून काढा, कॉफीतून काढा, दाराशी एक डबा ठेवा. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच गायला मिळणार असेल तर दर्जा तिथे खरंच घसरेल, आणि त्याबद्दल मात्र आमच्या वादात कुणी तोंड उघडत नाही.