पंधरा फोटो गेले कुठे?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की चारपैकी दोन मुद्दे बिनतोड आहेत आणि नुकसान नेमकं त्या दोनांमुळेच झालंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: लिनक्सवर कमांड देऊन एकदम अनेक फाइल्सची नावं कशी बदलायची, यावर मी लेख लिहिला होता. त्यातली ‘रिनेम’ची कमांड या वाचकांच्या फेडोरावर (लिनक्सचाच एक प्रकार) चालली नाही आणि एररही आली नाही. मग लेखातलाच ‘एमव्ही’चा लूप, म्हणजे एकेक फाइल घेऊन तिचं नाव बदलत जाणारी कमांड, चालवला, तर २१२ फोटोंचे १९७ झाले. मराठी नावांच्या काही फाइल्स बदलायच्या राहिल्या, म्हणजे मराठी नावं लिनक्सला झेपत नाहीत, असं यांचं म्हणणं. आणि शेवटचा टोला असा, की माउसने दोन मिनिटांत होणाऱ्या कामासाठी कमांडच्या काळ्या पडद्याचा हट्ट कशाला?

‘रिनेम’बद्दल चूक सरळ माझी. या नावाचे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर मिळतो तो पर्ल या भाषेत लिहिलेला. त्याला शोध-बदलाचं सूत्र द्यावं लागतं, एस आणि तिरक्या रेघांचं. फेडोरा आणि आर्च या प्रकारांवर असतो तो युटिल-लिनक्स या साधनांच्या संचातला. त्याला सूत्र कळत नाही, आधी जुना शब्द, मग नवा शब्द, मग फाइल्स. मी उबुंटूवर बसून लिहिलं आणि दुसऱ्याचं नावही काढलं नाही. तुमच्याकडे झालं ते असं: त्याने माझं आख्खं सूत्र ‘जुना शब्द’ धरलं, यादीतल्या पहिल्या फोटोचं नाव ‘नवा शब्द’ धरलं आणि उरलेल्या फोटोंच्या नावांत ते सूत्र शोधत बसला. कुठेच सापडलं नाही, म्हणून गप्प बाहेर पडला. आपल्याकडे कोणता आहे हे ‘रिनेम’ला व्हर्जन विचारून कळतं, युटिल-लिनक्सवाला आपलं नाव सांगतो. आणखी एक फरक जास्त घातक आहे. नव्या नावाची फाइल आधीच असेल तर पर्लवाला, जबरदस्ती करायला सांगितल्याशिवाय, तिला हात लावत नाही. दुसरा न विचारता तिच्यावर लिहितो.

आता ते पंधरा फोटो. तुमची नावं ‘२०२३०४१२_००१’ अशा धर्तीची आहेत, म्हणजे तारीख आणि पुढे त्या दिवसाचा क्रमांक. माझा लूप पहिली नऊ अक्षरं उडवत होता. १२ तारखेचा ००१ आणि १५ तारखेचाही ००१, दोघांना एकच नाव मिळालं. ‘एमव्ही’ अशा वेळी विचारत नाही. जुनी फाइल जाते, नवी तिच्या जागी बसते. कचरापेटी वगैरे मध्ये काही नाही. लूप फाइल्स नावांच्या क्रमाने घेतो, त्यामुळे टिकला तो नंतरच्या तारखेचा. हरवलेले पंधराही आधीच्या दिवसांचे असणार, बघा.

मेमरी कार्ड अजून पुसलं नसेल तर ते आत्ता बाजूला काढून ठेवा. पुसलं असेल तरी त्यावर काही लिहू नका आणि पुसलेले फोटो शोधून काढणारा ‘फोटोरेक’ हा प्रोग्रॅम चालवून पाहा. नावं परत येत नाहीत, पण फोटो येऊ शकतात.

लूपच्या आधी मी एक ओळ द्यायला हवी होती. ‘एमव्ही’च्या जागी ‘इको’ लिहून फक्त नवी नावं छापायची, ती क्रमाने लावायला ‘सॉर्ट’कडे द्यायची आणि तिथून ‘युनिक’ला वजा डी लावून, म्हणजे एकाहून जास्त वेळा आलेली नावंच छापली जातात. त्यातून एक जरी नाव छापलं गेलं, तर दोन फाइल्स एकाच खुर्चीवर बसू पाहतायत. काहीच छापलं गेलं नाही तर खरा लूप, तोही ‘एमव्ही’ला वजा एन (असलेल्या फाइलवर लिहू नको) लावून, कारण त्या फोल्डरमध्ये त्या नावाचं काही आधीपासूनच पडलेलं असू शकतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, म्हणून जास्त लाज वाटते. एकदा ०१ ते १२ अशा बारा रेकॉर्डिंगना तीन आकडी क्रमांक देताना मीच एक गमावलंय. बॅशचा (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ‘प्रिंटएफ’, म्हणजे आकडे ठरावीक साच्यात छापणारी कमांड, शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समजतो, आणि तिथे आठ-नऊ हे अंकच नाहीत. ०८ वर त्याने कुरकुर केली आणि ००० छापलं. ०९ वरही तेच. एररच्या दोन ओळी मी पाहिल्या, ‘होईल नीट’ म्हणून पुढे गेलो, आणि नवव्याने आठव्याला गिळलं.

मराठी नावं लिनक्सला झेपत नाहीत, हे मात्र पटत नाही. त्याच्या लेखी नाव म्हणजे बाइट्सची रांग. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. नावात ‘दुसऱ्या’ हा शब्द असलेल्या तुमच्या फाइल्स सुटल्या त्या ‘ऱ’मुळे, असा माझा दाट संशय आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब). पडद्यावर दोन्ही जुळी, बाइट्स वेगळे, म्हणून शोध चुकतो. नावांतली अक्षरं बदलून देणाऱ्या ‘कॉन्व्हएमव्ही’ला एनएफसीचा (जोडून एकच चिन्ह करण्याचा) पर्याय दिला की सगळी नावं एका वळणावर येतात, आणि तो बिचारा ‘नोटेस्ट’ म्हटल्याशिवाय कशालाच हात लावत नाही. लांबीची मर्यादा मात्र खरी आहे: एक्स्ट४ वर (लिनक्सची फाइल्स साठवण्याची एक पद्धत) नाव फार तर २५५ बाइट्सचं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे फार तर ८५ चिन्हं.

माउसबद्दल भांडण नाही. एका फोल्डरमधल्या तीस फाइल्सना मीही थुनार या फाइल मॅनेजरची नावं बदलायची खिडकी उघडतो. जुनं नाव, नवं नाव शेजारी दिसतं. चाळीस उपफोल्डर असले, किंवा तेच काम दर आठवड्याला असलं, की मी कमांडकडे वळतो. मधला मार्ग हवा असेल तर ‘विडिर’ हा प्रोग्रॅम बघा: नावांची यादी एडिटरमध्ये उघडते, हवी ती बदलून सेव्ह करायची. फक्त ओळ खोडू नका, ओळीबरोबर फाइलही जाते.

लेखातला लूप बदललाय. जुना पुसला नाही, वर रेघ मारून ठेवलाय, म्हणजे तुम्ही कशावर चिडला होतात ते पुढच्याला कळेल. कार्डावर काही सापडलं तर नक्की कळवा.