लिव्हिंग विल म्हणजे उपचार बंद नव्हे

"वृद्धाश्रमात लिव्हिंग विलवर सही केली की साध्या न्यूमोनियालाही दवाखान्यात नेत नाहीत," असा मेसेज फिरतोय. साफ खोटं. लिव्हिंग विल म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं हे इच्छापत्र रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल आणि बरं होण्याची आशाच नसेल, तेव्हाच लागू होतं. तेही तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांनी होकार दिल्यावर. आश्रमाच्या मॅनेजरला यात काडीचा अधिकार नाही.

२०२३ पासून मॅजिस्ट्रेटची सहीही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. व्हेंटिलेटर नको लिहिलं, तरी वेदनाशामक औषधं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं सुरूच राहतं. मन बदललं तर लेखी रद्द करा, केव्हाही. आश्रमाच्या प्रवेशअर्जात गुपचूप घुसवलेली 'उपचार नकोत' अशी ओळ मात्र खुशाल खोडा. ही सही स्वखुशीचीच हवी.