पोळी तोडली म्हणून

गेल्या रविवारी कराडला नात्यातल्या एका लग्नात माझ्या बावीस महिन्यांच्या लेकानं भर पंगतीत जमिनीवर लोळण घेतली. मी त्याच्या पोळीचे दोन तुकडे केले होते आणि त्याला ती अख्खी हवी होती. दुसरी आणून दिली, ती त्यानं भिरकावली. त्याला तीच पोळी पुन्हा जोडून हवी होती.

वीसेक मिनिटं हे चाललं. तेवढ्यात माझ्या कानावर जे पडलं ते आजही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. "फार लाडावून ठेवलाय." "एक धपाटा घाल, गप्प बसेल." "आमची पोरं नुसत्या डोळ्यांच्या धाकात असायची." हे सगळं मला. त्याचा बाबा शेजारच्याच पानावर जेवत होता, त्याला कुणी चकार शब्द विचारला नाही. शेवटी एका काकूंनी दाराशी उभ्या असलेल्या बँडवाल्याकडे बोट दाखवलं, "तो बघ बुवा आला, झोळीत घालून नेईल हां." लेकाचा आवाज एका क्षणात बंद झाला. हुंदका घशात अडकलेला, डोळे विस्फारलेले, माझा पदर मुठीत गच्च. "बघ, झाला की नाही शांत?" असं म्हणत सगळे पुन्हा जेवायला लागले.

त्या रात्री तो तीनदा दचकून उठला आणि दाराकडे बघून "बुवा, बुवा" म्हणत राहिला.

त्या दिवशी त्याच्या वाट्याला काय आलं होतं, तेही सांगते. पहाटे पाचला उठवून पुण्याहून एसटीनं आणलं. अंगात जरीचा, मानेला टोचणारा कुर्ता. रोज साडेअकराला वरणभात खाऊन झोपणारं लेकरू, पण मुहूर्त बारा चाळीसचा, म्हणजे पंगत बसेपर्यंत दीड. मधल्या वेळात छातीत धडधडेल इतक्या आवाजाचा डीजे आणि या हातातून त्या हातात फिरणं, गालगुच्चे, "ओळखलंस का मला?" त्यानं हे सगळं निमूट सोसलं. पोळी तुटली तेव्हा त्याच्यातलं सगळं सोसणं संपलं.

दीड-दोन वर्षांचं मूल आपलं बरंचसं बोलणं समजून घेतं, पण त्या मानानं त्याला स्वतःला बोलायला शब्द फार थोडे असतात. "मला झोप येतेय, हा सदरा काढा, मला इथून न्या" हे सांगायचं कसं? राग आवरायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग, कपाळामागचा, पूर्ण तयार व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. दोन वर्षांच्या मुलाकडून आपण तो आजच मागतो.

आणि वर्षाच्या आतलं बाळ रडतं त्याला तर हट्ट म्हणूच नये. भूक, झोप, ओला लंगोट, दुखणारा कान किंवा नुसतं आईजवळ जायचं असतं. "उचलू नको, सवय लागेल" असं सांगणाऱ्यांना मी आता स्पष्ट सांगते, लागू दे.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. लेक चौदा महिन्यांचा असताना एकदा हातातली चावी काढून घेतली म्हणून त्यानं टाहो फोडला. तोंड उघडं, आवाज मात्र नाही. श्वास बाहेर गेला तो आत येईचना. ओठ निळे पडले, मान टाकली, अंग सैल झालं. अर्ध्या मिनिटात तो परत श्वास घ्यायला लागला असेल, मला ते अर्धं मिनिट अजून संपलेलं वाटत नाही. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी गदागदा हलवलं. सासूबाईंनी रात्री मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

त्यानंतर आमच्या घरात एकच नियम झाला: त्याला रडवायचं नाही. चावी मागितली, दिली. चाकू मागितला तर चाकू लपवून मोबाइल दिला. दूध मागितलं की बाटली. दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध जायचं आणि आम्ही समाधानी, दूध तरी पितोय ना. दोन महिन्यांत अशी वेळ आली की मोबाइल काढून घेतला की पुन्हा तोच टाहो, पुन्हा निळे ओठ. घरातली सहा माणसं एका रडण्याला भिऊन जगत होती. त्याच काळात एकदा, ऑफिसहून दमून आल्यावर, मी त्याच्या पाठीत चापटही मारली. त्याचा रडून लाल झालेला चेहरा मला विसरायचाही नाही.

बालरोगतज्ज्ञांनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "हा श्वास तो मुद्दाम धरत नाही." सहा महिन्यांपासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या काही मुलांमध्ये राग, दुखणं किंवा भीती यांमुळे असा श्वास अडकतो. ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे आणि मूल स्वतःच भानावर येतं. अशा वेळी कुशीवर निजवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हलवायचं नाही, पाणी मारायचं नाही. मग त्यांनी हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. ते बरंच कमी निघालं. शरीरात लोह कमी असलं की असे झटके जास्त येतात, आणि या वयात मुख्यतः दुधावरच राहणाऱ्या मुलांत लोह सहज कमी पडतं. दूध पोट भरतं, लोह जवळजवळ देत नाही.

लोहाचं औषध सुरू झालं (शी काळी होते, घाबरू नका), दूध दोन कपांवर आणलं. अंडं, पालेभाजी घातलेलं वरण, वरून लिंबू पिळून, कारण लिंबानं लोह अंगी लागतं. तीन महिन्यांत श्वास अडकणं थांबल्यात जमा झालं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयी, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेली, आढळली. दहातली सात. याच वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलीटर लोहाचं औषध द्यायची सरकारी योजना आहे. आशाताई, अंगणवाडीताई यांना विचारा. माझी कळकळ एवढीच आहे, की चिडचिड्या मुलाला "स्वभावच तसा आहे" म्हणण्याआधी एकदा त्याचं रक्त तपासा. आणि मूल पहिल्यांदा निळं पडलं, सहा महिन्यांच्या आतलं असलं, काही कारण नसताना मान टाकली किंवा मिनिटभरात भानावर आलं नाही, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या.

औषधानं श्वास सुधारला. हट्ट राहिले, ते राहणारच. पण आमची भीती गेली आणि त्याला रडू देता आलं. रडू देणं म्हणजे खोलीत कोंडून ठेवणं नव्हे. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसते. डोकं आपटत असेल तर खाली उशी सरकवते, मारायला लागला तर हात धरते. बोलते अगदी थोडं, "अख्खी पोळी हवी होती." एवढंच, दोनतीनदा. समजावणं, शपथा, प्रश्न, त्या वेळी यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. जे नाही म्हटलंय ते रडला म्हणून देत नाही. मोबाइल तर बंदच. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. तो बंद केला तेव्हा पहिले पाच दिवस भयंकर गेले, सहाव्या दिवशी त्यानं तो मागितला नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं सासूबाईंनी. त्या काही समजावत नाहीत. डोळे चोळायला लागला की पंधरा मिनिटं आधीच ओळखतात, उचलून मागच्या अंगणात नेतात, नळाखाली त्याचे हात धरतात. "पोरगं भुकेजलं की निजेला आलं, एवढं बघत जा," म्हणतात. निम्मे हट्ट तिथेच मिटतात. मीठ-मोहरी त्या आजही ओवाळतात, त्याला माझी ना नाही. पण बुवाचं नाव त्यांनी आमच्या घरात कुणाला काढू दिलेलं नाही.

कराडहून परतताना एसटीत तो पुन्हा रडायला लागला. पुढच्या बाकावरच्या एक मावशी वळल्या, मी मनातून आवळून बसले. त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःजवळ घेतली, खिडकीची जागा मोकळी करून दिली आणि पुन्हा पुढे बघायला लागल्या. साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मे महिन्यात धाकट्या दिराचं लग्न आहे. मी घरात आत्ताच सांगून ठेवलंय: कार्यालयात एक खोली लेकरांसाठी, डीजेपासून लांबची. सतरंजी, पंखा, पिण्याचं पाणी. लहान मुलांना साडेअकराला मऊ वरणभात, पंगतीची वाट न बघता. माझ्या लेकाला सुती सदरा. आणि त्या खोलीत पाळीपाळीनं बसायच्या यादीत पहिलं नाव त्याच्या बाबाचं.