जागा बदला

परवा टिळक रोडवरच्या एका औषधांच्या दुकानात माझ्या डाव्या कुल्ल्यावर जाहीर चर्चा झाली. ती मी सुरू केली नव्हती.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली तरी रात्री दोनला अंगातून वाफा निघायच्या, म्हणून डॉक्टरीणबाईंनी इस्ट्रोजेन या हार्मोनचा पॅच दिला, म्हणजे कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी. ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर लावायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा. गर्भाशय जागेवर असल्यामुळे प्रोजेस्टेरॉनची गोळी वेगळी. पॅचचं औषध यकृताला वळसा घालून कातडीतून थेट रक्तात जातं, त्यामुळे गोळीपेक्षा रक्ताच्या गुठळ्यांची धास्ती कमी. वाफा खरंच थांबल्या. कातडी मात्र बिथरली. पॅच काढला की खाली फूटपट्टीनं आखल्यासारखा लालभडक चौकोन, कडेनं चिकट्याची काळी किनार, आणि खाज.

"पूर्वीचे पॅच बघायला हवे होते," बाई म्हणाल्या. "त्यात औषधाची अल्कोहोलवाली पिशवी असायची, कातडी आणखी भडकायची. आता औषध चिकट्यातच असतं. तुम्ही जागा बदलत राहा, आठवडाभर त्याच जागी परत नको." पुण्यात वाड्यातले भाडेकरू पन्नास-पन्नास वर्षं हलत नाहीत. माझा साडेतीन दिवसांत जागा सोडतो, तीही भिंत खराब करून.

तर दुसऱ्या कंपनीचा मिळतो का, हे मी काउंटरवर वाकून, कुजबुजत विचारलं. मेडिकलवाल्यानं मान वर केली आणि माळ्याकडे बघून ओरडला, "अरे, बायकांचा हार्मोनचा पॅच दुसरा आहे का बघ! ताईंना ह्यानं रॅश येतोय!"

बाकावर रक्तदाबाच्या गोळ्यांची वाट बघत एक आजोबा बसले होते. ते उठलेच.

"पट्टी ना? कंबरेची?"

"नाही."

"गुडघ्याची? माझ्या डाव्या गुडघ्याला..."

"नाही हो, आजोबा. वेगळी आहे."

"मग एवढीशी कशाची?" असं म्हणत त्यांनी काउंटरवरचं माझं रिकामं खोकं उचललं, आतला कागद काढला आणि मोबाइलचं भिंग त्यावर धरलं. वीज मंडळात पस्तीस वर्षं मॅन्युअलं वाचल्यामुळे कागद दिसला की राहवत नाही, म्हणे. मग इंग्रजी मजकुराचं शुद्ध मराठीत भाषांतर सुरू झालं, खणखणीत आवाजात. "कंबरेच्या पट्ट्यापाशी लावू नये. बरोबर आहे, घासतं. त्वचा स्वच्छ व कोरडी असावी. स्तनांवर..." इथे ते खोकले. पुढची ओळ मनात वाचली. दुकानातल्या इतर चौघांनीही ती मनात वाचली असावी.

"आधी पावडर लावता?"

"नाही."

"तेल? मलम?"

"नाही."

"लावल्यावर तळव्यानं दाबता का? दहा सेकंद लिहिलंय."

मी पाचपर्यंत मोजते, हे तोंडातून निघून गेलं.

"बघा!" आजोबा दुकानभर वळून म्हणाले. दहा सेकंद दाबल्यानं पॅच नीट चिकटतो, खाज त्यानं जात नाही, हे मला माहीत होतं. पण फिर्यादी म्हणून गेलेली मी एव्हाना आरोपी झाले होते. मग कागदाची घडी घालता येईना, तशी तो गोळा करून मला देत म्हणाले, "आमच्या हिनं असलं काही लावलं नाही. सगळं आपोआप गेलं. कळलंसुद्धा नाही."

"कुणाला?"

"मला!"

दुकान हसलं. मीही हसले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. त्या काकू किती रात्री पंख्याखाली उठून बसल्या असतील, आणि शेजारी हे पंखा कमी कर म्हणत असतील, हे कुठल्या मॅन्युअलात लिहिलंय? बायकांच्या कातडीनं गपगुमान सोसायचं ही जुनीच रीत. आमच्या मावशीच्या कपाळावर टिकलीच्या चिकट्यानं टिकलीएवढाच पांढरा डाग पडला, तर उपाय काय? थोडी मोठी टिकली.

दुसरा पॅच मिळाला नाही. मागवावा लागेल. बाहेर आले आणि नेमकी डावीकडे खाज सुटली. संध्याकाळी सहाला टिळक रोडवर उभं राहून तिथे खाजवण्याइतकी मी अजून मुक्त झालेले नाही. समोर आली ती रिक्षा थांबवली, आत बसले आणि सीटवर जरा सरकले. जरा मागे. परत पुढे.

आरशात रिक्षावाल्याचे डोळे.

"मावशी, काही टोचतंय का? सीट नवीनच बसवलीय."

"खड्डे आहेत," मी म्हटलं.

रिक्षा सिग्नलला उभी होती.