मुलांच्या हातात आधी वायर द्या, वॉकीटॉकी नंतर

मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या एखाद्या शाळेत हॅम रेडिओ (हौशी लोकांनी चालवायचा बिनतारी संच) दाखवायचा तर पाहुणे, सत्कार, हँडसेटवर 'हॅलो, ओव्हर' आणि टाळ्या, एवढ्यावर थांबू नका. घरोघरी मोबाईल असताना लांबून बोलण्याचं पोरांना काय अप्रूप? शिवाय बोलायचं बटण दाबायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, तो 12 वर्षं पूर्ण झाल्यावरच. तोवर कान आणि हात मोकळेच आहेत की.

सुरुवात मोर्सच्या (लांब-आखूड आवाजांच्या सांकेतिक लिपीच्या) बझरनं करा. 555 आयसी (आठ पायांची टायमर चिप), 9 व्होल्टची बॅटरी, छोटा स्पीकर. 8 आणि 7 नंबरच्या पायांत 10 किलोओहमचा रेझिस्टर, 7 आणि 6 मध्ये 100 किलोओहमचा. 2 आणि 6 जोडायचे, तिथून ग्राउंडला '103' (म्हणजे 10 नॅनोफॅरड) छापलेला कपॅसिटर. 4 आणि 8 प्लसला, 1 मायनसला. 3 नंबरवरून 100 ओहम आणि 10 मायक्रोफॅरडमधून स्पीकर. सूर साधारण 700 हर्ट्झचा येतो. 103 ऐवजी 104 लागला की सूर दहापट खाली जातो आणि नुसती घरघर ऐकू येते. ही चूक मुद्दाम होऊ द्या. कपॅसिटर काय करतो ते फळ्यापेक्षा लवकर कळतं. सूर चालू-बंद करायची चावी म्हणून हॅक्सॉचं जुनं पातं चालतं, फक्त टोकांचा रंग खरवडा. अर्ध्या तक्रारी त्या रंगामुळंच असतात.

मग अँटेना. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 145.800 मेगाहर्ट्झवर काही ठरावीक दिवशी आवाजाच्या रूपात चित्रं पाठवतं. वेग = वारंवारता × तरंगलांबी हे सूत्र इथं कामाला येतं. 300 (मेगाहर्ट्झच्या हिशेबात प्रकाशाचा वेग) भागिले 145.8 म्हणजे 2.06 मीटर, त्याचं निम्मं 1.03. तारेत ते 5 टक्क्यांनी कमी धरायचं, म्हणून 49 सेंटीमीटरचे दोन तुकडे, मध्ये 120 अंशांचा कोन. केबल टीव्हीच्या डिशची चालते: एक तुकडा मधल्या तारेला, दुसरा बाहेरच्या जाळीला. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सगळं गप्प, म्हणून जोडल्यावर मल्टिमीटर लावाच.

लॅपटॉपला एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), मोड एफएम, रुंदी 15 किलोहर्ट्झ. एवढी ठेवली की डॉप्लरमुळं (स्थानक जवळ येताना-लांब जाताना) वारंवारता तीनेक किलोहर्ट्झ वर-खाली झाली तरी हात लावावा लागत नाही. (छोट्या स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी आठवायला सांगा.) लॅपटॉप चार्जरवर ठेवू नका, एलईडी ट्यूबही बंद करा, दोन्ही खरखर घालतात. स्पीकरपाशी मोबाईल धरून रोबोट 36 ॲपमध्ये चित्र उमटवायचं. एका चित्राला दोनेक मिनिटं लागतात आणि स्थानक फार तर दहा मिनिटं आभाळात असतं. तेवढ्यात कुणी ओरडलं की चित्रावर पट्टे उमटतात. आठवीचा वर्ग इतका चिडीचूप एरवी बसत नाही!

स्थानकाची वेळ शाळेच्या घंटेवर ठरत नाही, कधी पहाटेही येते. वळवाचं आभाळ भरून आलं तर मात्र केबल काढा, पोरांना गच्चीवरून खाली आणा. स्थानक उद्या परत येईल.